जखमी पक्षी, प्राणी किंवा एकटं पिल्लू सापडलं तर काय करायचं, आणि पुढे रेस्क्यू सेंटरमध्ये त्याचं काय होतं

मार्च लागला की माझ्या फोनवर असे कॉल सुरू होतात, "ताई, पिल्लू सापडलंय, काय खायला देऊ?" आणि मी दरवेळी एकच सांगते, काहीच देऊ नका. समोरच्याला वाईट वाटतं, कधी रागही येतो, कारण चोच उघडून ओरडणारा जीव त्याच्या हातात आहे आणि फोनवरची बाई सांगतेय उपाशी ठेवा. फोनवर दोन मिनिटांत कारण समजावता येत नाही म्हणून हे सगळं एकदा क्रमाने लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही, पुण्यात वन्यजीव उपचार केंद्रात व्हॉलंटियर म्हणून गेली काही वर्षं काम करते, म्हणजे खोकी धुणं, खाणं तयार करणं, रात्री-बेरात्री ड्रॉप घेणं (म्हणजे लोकांनी आणलेले प्राणी ताब्यात घेणं), नोंदी ठेवणं हे माझं काम, आणि खाली जे आहे ते तिथेच शिकलेलं आहे.

आधी कायद्याचं, थोडक्यात

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि २०२२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. शिकार म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बंदूक येते, पण या कायद्याच्या व्याख्येत पकडणं, सापळा लावणं, पक्ष्यांची घरटी-अंडी मोडणं हे सगळं शिकारीतच धरलंय. दुसरं म्हणजे कलम ३९, त्यानुसार असा वन्य प्राणी कुठल्याही कारणाने तुमच्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनखात्याच्या अधिकाऱ्याला कळवावं लागतं. म्हणजे जखमी घुबड उचलून उपचारासाठी नेलंत, कळवलंत, सोपवलंत, तर कुणी तुम्हाला त्रास देत नाही, उलट वनखात्याचे गार्ड लोक आभार मानतात. पण तेच घुबड "बरं होईपर्यंत राहू दे" म्हणून दोन महिने गॅलरीत ठेवलं तर मात्र अडचण आहे. पिंजऱ्यातला पोपटही यातच येतो बरं का, आपल्याकडे घरोघरी दिसतो म्हणून तो कायदेशीर होत नाही.

मग हे काम करायचं कुणी? आपल्याकडे व्यवस्था अशी आहे की परवानगी सहसा संस्थेला किंवा केंद्राला मिळते, वनखात्यासोबत करार होतो आणि काम त्यांच्या देखरेखीखाली चालतं. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनखात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर (उपचारासाठी तात्पुरतं ठेवायचं केंद्र) आहे, पुण्यात बावधनला आहे, जुन्नरला माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र आहे, डहाणूला समुद्री कासवांचं केंद्र आहे. अमेरिकेत जरा वेगळं आहे, तिथे बहुतेक राज्यांत माणसाच्या नावाने रिहॅबिलिटेटरचं लायसन्स निघतं, स्थलांतरित पक्षी असेल तर १९१८ च्या कायद्यामुळे वर केंद्र सरकारचीही परमिट लागते, आणि बरेच जण हे काम घरच्या शेडमध्ये बिनपगारी करतात. तिकडच्या कुणी हे वाचत असेल तर अंगणात रॉबिनचं पिल्लू पडलं म्हणून घरात ठेवून घेऊ नका, तुमच्या राज्याच्या वन्यजीव विभागाच्या वेबसाइटवर लायसन्सवाल्यांची यादी असते, त्यातल्या जवळच्याला फोन करा. रॅकून, स्कंक, वटवाघूळ यांना तर हातच लावायचा नाही, रेबीजचा धोका आहे.

पायरी १ : हात मागे ठेवा आणि लांबून बघा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त लोक हीच गाळतात. उन्हाळ्यात सेंटरवर जी पिल्लं येतात त्यातली कितीतरी उचलायचीच गरज नव्हती, त्यांचे आईबाप समोरच्या झाडावर चोचीत अळी घेऊन बसलेले असतात आणि आपण पिल्लू पिशवीत घालून रिक्षात बसतो.

पक्ष्याचं पिल्लू असेल तर एवढंच बघा, अंगावर पिसं आहेत का. पिसं आहेत, शेपटी आखूड आहे, टुणटुण उड्या मारतंय, थोडं फडफडतंय, तर ते उडायला शिकतंय. बुलबुल, साळुंकी, दयाळ यांची पिल्लं घरट्यातून उतरल्यावर काही दिवस अशीच खाली झुडपांत फिरतात, आणि आईबाप जमिनीवर येऊन भरवतात. त्याला उचलून जवळच्या झुडपात, फांदीवर ठेवा, मांजर-कुत्रं आवरा, आणि तुम्ही स्वतः लांब जा. लांब म्हणजे खरंच लांब, खिडकीतून दिसेल इतकं, कारण तुम्ही जवळ उभे असाल तर पालक खालीच येत नाहीत आणि मग तुम्हीच म्हणता की दोन तास झाले, कुणी आलं नाही.

पिसं नाहीत, डोळे मिटलेले, गुलाबी अंग, असं असेल तर ते घरट्यातून पडलंय. घरटं दिसतंय आणि हात पोचतोय तर परत ठेवून द्या. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते असं आजीपासून सगळे सांगतात, ते खरं नाही, पक्षी वासावरून पिल्लू टाकत नाहीत. घरटंच पडलं असेल तर छोटी टोपली घ्या, तळाला पाणी जायला भोकं असू देत, आत मोडक्या घरट्याच्या काड्या घाला आणि त्याच झाडावर सावलीत घट्ट बांधा. बऱ्याचदा पालक तिथेच भरवायला लागतात.

सशाचं उदाहरण सांगते कारण शेतावरून असे फोन फार येतात. आपल्याकडच्या रानसशाची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडे असलेली असतात, आई त्यांना गवतात लपवून दिवसभर लांब राहते, अंधार पडला की येऊन दूध पाजते आणि परत जाते. ती लांब राहते तीच त्यांची सुरक्षितता, तिच्या मागावर कोल्हा, कुत्रा पिल्लांपर्यंत पोचू नये म्हणून. आणि आपल्याला वाटतं की अनाथ आहेत. काका, मावशी, कापणी करताना दिसली तर बाजूच्या बांधाला गवतात सरकवा, तेवढीच पट्टी आज कापू नका, बस.

मग उचलायचं कधी? रक्त दिसतंय, पंख एका बाजूला लोंबतोय, मांजराने तोंडात धरलं होतं (जखम दिसत नसली तरी, मांजराच्या दाताचं भोक बारीक असतं आणि आत पू होतो), अंगावर माश्या किंवा पांढरी अंडी बसलीत, मांज्यात अडकलंय, विजेचा शॉक बसलाय, किंवा आई शेजारीच मरून पडलीय. अशा वेळी वाट बघू नका.

पायरी २ : फोन

महाराष्ट्रात वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे, टोल फ्री. तुमच्या भागातल्या केंद्राचा किंवा संस्थेचा नंबर आत्ताच शोधून सेव्ह करून ठेवा, रस्त्यात उभं राहून शोधत बसलं की सोशल मीडियावरचे जुने, बंद नंबर सापडतात. फोनवर हे सांगा: नेमकं कुठे (लाइव्ह लोकेशन पाठवा), प्राणी कोणता वाटतो, काय झालेलं दिसतंय, कधीपासून, आणि तुम्ही आतापर्यंत काय केलंत. शेवटचं खरं सांगा. दूध पाजलं असेल तर पाजलं म्हणा, कुणी ओरडत नाही, डॉक्टरांना ते माहीत असणं गरजेचं असतं. एक फोटो पुरे, तोही लांबून, फ्लॅश न मारता.

बिबट्या, तरस, रानडुक्कर, माकड, वानर, मगर यांच्या बाबतीत तुमचं काम फोनवरच संपतं. लोकांना लांब ठेवा, गर्दी होऊ देऊ नका, मोबाइलवाले पुढे सरकू देऊ नका. साप असेल तर एका जागी उभं राहून त्याच्यावर नजर ठेवा, म्हणजे सर्पमित्र आल्यावर कपाट हलवत बसावं लागत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही नावं पाठ असली तरी स्वतः ओळखून हात घालू नका, घोणशीच्या पिल्लाला अजगराचं पिल्लू समजून उचलणारे आहेत. सर्पमित्राकडेही ओळखपत्र मागा, त्याने वनखात्याकडे नोंद केली पाहिजे, आणि जो आल्याबरोबर साप हातात धरून गल्लीत खेळ दाखवायला लागतो त्याला परत बोलावू नका.

पायरी ३ : उचलायचंच असेल तर खोकं, अंधार, शांतता

बुटाचं खोकं लहान पक्ष्याला पुरतं, घार-घुबडाला किराणा दुकानातलं मोठं खोकं. आधी पेनने बाजूला भोकं पाडा, प्राणी आत ठेवल्यावर पाडू नका. तळाला जुनी टीशर्ट किंवा वर्तमानपत्र, धागे सुटलेला टॉवेल नको, नखं अडकतात. मग ओढणी किंवा टॉवेल वरून अंगावर टाका, डोकं झाकलं की पक्षी पटकन शांत होतो, पंख अंगाशी मिटवून दोन्ही हातांनी उचला आणि खोक्यात ठेवून झाकण बंद. घारीच्या आणि घुबडाच्या चोचीपेक्षा पाय सांभाळा, नखं आरपार जातात.

तारेचा पिंजरा नको. घाबरलेला पक्षी तारांवर आपटतो, उडायची पिसं तुटतात, आणि तुटलेलं पीस लगेच नवीन येत नाही, पुढची पीसझड होईपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे जखम आठवड्यात बरी आणि केवळ पिसांसाठी कित्येक महिने कैद, हे मी पाहिलंय आणि फार वाईट वाटतं.

मांज्यात अडकलेला पक्षी असेल तर मांजा ओढून काढू नका. पंखाच्या आत कातडीत रुतलेला असतो, ओढला की उरलेली शीरही कापली जाते. दोन्ही बाजूंनी थोडा सोडून कात्रीने कापा, अंगावरचा तसाच राहू दे, कापडात गुंडाळा, खोकं, सेंटर. झाडावर उंच लटकला असेल तर १०१, फायर ब्रिगेड. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली तरी संक्रांतीच्या आठवड्यात आमच्याकडे खोक्यांची रांग लागते, आणि संक्रांत संपली तरी झाडांवर राहिलेल्या मांज्यात पुढे कित्येक दिवस घारी, वटवाघळं अडकत राहतात.

खोकं बंद केल्यावर उघडून बघायचं नाही. मुलांना दाखवायचं नाही. तुम्हाला तो शांत बसलाय असं वाटतं पण शिकार होणारा प्राणी भीतीने गोठतो, तो निवांत नसतो. हरणांच्या बाबतीत तर पकडण्याच्या, धरून ठेवण्याच्या ताणानेच स्नायू खराब होतात आणि वरवर ठीक दिसणारं हरीण नंतर मरतं.

खारीची किंवा बिनकेसाची कुठलीही पिल्लं गार पडली असतील तर बाटलीत कोमट पाणी भरा, कापडात गुंडाळा आणि खोक्याच्या एका बाजूला ठेवा, नको वाटलं तर सरकता यावं इतकी जागा दुसऱ्या बाजूला सोडा.

सस्तन प्राणी चावला, ओरखडला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी जा. वटवाघूळ, मुंगूस, कोल्हा, माकड, सगळ्यांना लागू. "छोटंसंच लागलंय" असं म्हणू नका प्लीज.

कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्री कासवं वाहून येतात, जाळ्यात पाय अडकलेली किंवा थकलेली. लोक प्रेमाने परत पाण्यात ढकलतात. ढकलू नका, थकलेलं कासव पाण्यात श्वास घ्यायला वर येऊ शकत नाही आणि बुडतं. सावली करा, पाठीवर ओलं कापड टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा, १९२६.

पायरी ४ : खायला नाही, पाणीही नाही

मी आठवीत होते तेव्हा आमच्या वाड्यात बुलबुलचं पिल्लू पडलं होतं. आम्ही बहिणींनी त्याला पावाचा तुकडा दुधात बुडवून भरवला, ड्रॉपरने पाणी पाजलं, दर अर्ध्या तासाने, इतक्या काळजीने की शाळेतही लक्ष नव्हतं. रात्री त्याच्या श्वासाचा टक-टक असा आवाज यायला लागला आणि सकाळी ते गेलं होतं. तो आवाज कशाचा होता हे मला वीस वर्षांनी सेंटरवर कळलं. पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं, आपण चोच उघडून थेंब टाकला की तो सरळ फुप्फुसात जातो. आजही खोक्यातून तसा आवाज आला की माझ्या पोटात खड्डा पडतो.

दूध पक्ष्यांना पचतच नाही. पाव, पोळी, भात यात पुरेसं कॅल्शियम नसतं, वाढत्या पिल्लाला आठ-पंधरा दिवस यावर ठेवलं की हाडं मऊ होऊन वाकतात, आणि वाकलेल्या पायांचा पक्षी परत फांदीवर बसू शकत नाही. आणि जो जीव गार पडलाय, ज्याच्या अंगातलं पाणी कमी झालंय, त्याच्या पोटात अन्न गेलं तर ते पचत नाही, तसंच पडून राहतं. म्हणून सेंटरवर आधी ऊब, मग सलाइन, आणि मग खाणं, हा क्रम कुणी मोडत नाही. दोन-तीन तास उपाशी राहून ते मरत नाही, चुकीच्या घासाने मरतं.

सोपवल्यानंतर काय होतं

पहिलं काम फॉर्म. कुठे सापडलं हे आम्ही पुन्हा पुन्हा विचारतो, लोक वैतागतात, "ताई, कोथरूडला." कोथरूड केवढं मोठं आहे! बरा झालेला पक्षी शक्यतो जिथे सापडला तिथेच सोडायचा असतो, त्याला पाणवठा, झाडं, शत्रू, सगळं तिथलं माहीत असतं, म्हणून गल्ली, इमारत, झाड इतकं नेमकं सांगा.

मग डॉक्टर तपासतात, लागलं तर एक्स-रे. पक्ष्यांचं हाड फार लवकर जुळायला लागतं, हे चांगलं पण आहे आणि वाईट पण, कारण चार-पाच दिवस घरी ठेवून मग आणलं तर ते वाकडंच जुळलेलं असतं आणि वाकड्या पंखाने उडता येत नाही. एक दिवसाचा उशीर इथे खरोखर आयुष्यभराचा फरक करतो.

बरं झाल्यावरचं काम लोकांना दिसत नाही, पण वेळ सगळ्यात जास्त त्यालाच लागतो. पिल्लांना माणसाची सवय लागू नये म्हणून त्यांच्याशी बोलायचं नाही, नाव ठेवायचं नाही, भरवताना तोंड दिसू नये म्हणून कापड झाकायचं, आणि शक्य तितक्या लवकर त्याच जातीच्या दुसऱ्या पिल्लांसोबत ठेवायचं. घारीला मोठ्या जाळीच्या खोलीत रोज उडवतात, ती न दमता वळू शकते का बघतात. पिंगळ्याला स्वतः किडा पकडता आला पाहिजे. हे जमेपर्यंत सोडायचं नाही. आणि काहींना कधीच सोडता येत नाही, त्यांच्यासाठी आयुष्यभराची सोय मान्यता असलेल्या केंद्रातच बघावी लागते, आणि जिथे फक्त वेदनाच उरल्यात तिथे डॉक्टर कायमच्या झोपेचं इंजेक्शन देतात. नवीन व्हॉलंटियरना पहिल्यांदा हे पाहिलं की रडू येतं, मलाही यायचं, पण त्या जिवाला त्रासात ठेवून आपल्या मनाला बरं वाटून घेण्यात काही अर्थ नाही.

उसातली पिल्लं

जुन्नर, आंबेगाव, निफाड, संगमनेर या पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात. बिबट्याची मादी दाट उसातच विते. तोडणी मजूर घाबरतात, साहजिक आहे, पण पिल्लं उचलून लांब नेली तर आई त्यांना शोधत वस्तीभोवती फिरते आणि धोका वाढतो. म्हणून वनखात्याचे लोक आणि डॉक्टर येतात, पिल्लं तपासतात, गोचिडं काढतात, मायक्रोचिप बसवतात आणि संध्याकाळी त्याच फडात, त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात. बाजूला कॅमेरा लावून सगळे लांब जातात.

मी एकदा अशा कॉलवर गेले होते. शेतकरी काका म्हणाले बिबट्याची तीन आहेत. टोपलीत बघितलं तर मातकट रंगाची, अंगावर अस्पष्ट पट्टे, कानाच्या टोकाला केस, रानमांजराची पिल्लं. असं बरेचदा होतं, वाघाटीची (ठिपक्यांच्या छोट्या रानमांजराची) पिल्लंही लोक बिबट्याचीच समजतात. काकांच्या मुलीने वाटीत दूध आणलं होतं, तिला म्हटलं, बाळा, आजची रात्र त्यांच्या आईलाच पाजू दे. तिने वाटी तिथेच बांधावर ठेवली आणि विचारलं, "आली नाही तर?" तर उद्या परत ठेवू, परवा परत, असं सांगितलं. पहिल्या रात्री खरंच कुणी आलं नाही, आणि पिल्लं सेंटरवर नेऊन दिवसभर डॉक्टरांनी सांभाळली. दुसऱ्या रात्री नऊच्या सुमारास कॅमेऱ्यात आई दिसली, क्रेटभोवती दोन फेऱ्या, मग मान आत घालून एकेकाला मानगुटीला धरून घेऊन गेली. काकांनी तेवढा तुकडा आठवडाभर तोडला नाही. कारखान्याची गाडी चुकली असेल त्यांची, बोलले नाहीत काही.

स्वतःला हे काम करायचं असेल तर

थेट प्राणी हाताळायला मिळतील अशी अपेक्षा ठेवून येऊ नका. पहिले काही महिने साफसफाई, धुणं, फळं चिरणं, नोंदी. रेबीजची आधीच घ्यायची लस आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन या. उपचार करायचे असतील तर बारावीनंतर पशुवैद्यक पदवी, म्हणजे बीव्हीएससी, हाच रस्ता, त्याला शॉर्टकट नाही. बाकीच्यांना ड्रायव्हिंग, फोन घेणं, शाळेत जाऊन बोलणं, हिशेब, हे सगळं काम आहे आणि माणसं कायम कमी पडतात. आणि संस्था निवडताना एवढंच बघा: वनखात्याची परवानगी आहे का, पिल्लांना मांडीवर घेऊन फोटो टाकतात का, आणि किती सोडले, किती गेले हे दोन्ही आकडे सांगतात का.

गाडीच्या डिकीत एक घडी केलेलं खोकं, जुना टीशर्ट, जाड हातमोजे आणि छोटी कात्री ठेवून द्या. माझ्या स्कूटरमध्ये कायम असतात. मागच्या संक्रांतीला सिग्नलला उभी असताना एका रिक्षावाल्या दादांनी हाक मारली, दुभाजकावर पारवा पडलाय म्हणून, आणि ते खोकं उघडेपर्यंत त्यांनी स्वतःची रिक्षा आडवी लावून मागची ट्रॅफिक थांबवून ठेवली होती.